मॉनिटर वाढवून वाढवून कुठवर?

पत्र थोडक्यात असं: सातारा जिल्ह्यातल्या एक गायिका, वय चौतीस. बरीच वर्षं आठ जणांच्या ऑर्केस्ट्रात गातात. जुनी हिंदी गाणी, मराठी चित्रपटगीतं, शेवटाला दोन-तीन लावण्या. गणपती ते नवरात्र जवळजवळ रोज कार्यक्रम, पुढं हळदी-संगीताच्या सुपाऱ्या. स्टेजवर दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड), ढोलक-ढोलकी, बेस आणि लीड गिटार. मोठी सुपारी असली की ड्रमसेटही. आणि मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवायला त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. त्या लिहितात, “गाताना माझाच आवाज मला ऐकू येत नाही. साउंडवाल्या दादांना मॉनिटर वाढवायला सांगितलं की शिट्टी मारतो. मग मी जोर लावते, सूर चढा लागतो, तिसऱ्या दिवशी घसा बसतो. कार्यक्रम झाल्यावर कानात टुंई वाजत राहतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जातं. हल्ली फोन उजव्याच कानाला लावते, डाव्यानं नीट कळत नाही. एक साधा वायरलेस इन-इअर, म्हणजे कानात घालायचा मॉनिटर, घेतला आहे, तो एकाच कानात घालते, कारण दोन्ही कान बंद केले की पब्लिक आणि ताल दोन्ही तुटतात. कानात बोळे घालून गायचं तर सूर सापडणार कसा? आमचे मालक म्हणतात, मोठ्यानं गायची सवय कर. चांगल्या कंपनीचा इन-इअर कर्ज काढून घेऊ, की ऑर्केस्ट्राच सोडू? मुलगी नऊ वर्षांची आहे, कार्यक्रमाला आली की विंगेत बसते. तिचीही काळजी वाटते.”

ताई, कर्ज काढू नका, आणि ऑर्केस्ट्रा सोडायचा निर्णयही आत्ता घेऊ नका. पण मॉनिटर-मिक्सरचं बोलण्याआधी तुमच्या डाव्या कानाचं बोलू. पत्रात तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे, पण सगळ्यात आधी करायचं काम तेच आहे.

दोन कानांत फरक जाणवतोय म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कदाचित नुसता मळ साठलेला असेल. एकाच कानात सारखं काहीतरी खुपसत राहिलं की मळ आत ढकलला जातो. कदाचित ऑक्टोपॅडचा किंवा झांजेचा मारा वर्षानुवर्षं त्याच बाजूनं होत असेल. आणि कधी कधी कारण आवाजाचं नसतंच, वेगळंच काही निघतं, म्हणून एका बाजूची तक्रार अंगावर काढायची नसते. डॉक्टरांनी कान साफ असल्याचं सांगितलं की ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. ती घाईत उरकू नका: तपासणीच्या आधी निदान चौदा तास कार्यक्रम, रिहर्सल, हेडफोन, मिक्सर-ग्राइंडर काही नको, नाहीतर आदल्या रात्रीचा थकवा रिपोर्टात दिसतो. नेहमीची चाचणी २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंत होते; त्यात ३०००, ४००० आणि ६००० चे आकडे मुद्दाम विचारा. आवाजानं कान बिघडायला लागला की आलेखात पहिला खड्डा बहुधा याच पट्ट्यात पडतो, ४००० च्या आसपास. बोलणं तोवर बऱ्यापैकी ऐकू येत असतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ही सोय आहे का ते आधी विचारा. खासगीत जाणार असाल तर ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना ते बघा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या रिपोर्टाशेजारी ठेवल्यावरच त्याचा खरा उपयोग कळतो. आणि घरचे म्हणतील तरी कानात कोमट तेल घालू नका.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. एका कानाचं ऐकणं अचानक, म्हणजे तासा-दोन तासांत किंवा रात्रीत, गेलं किंवा सोबत गरगरायला लागलं, तर ‘सीझन संपल्यावर बघू’ नाही. त्याच दिवशी डॉक्टर. या दुखण्यात उपचार जितके लवकर, तितकी परत ऐकू येण्याची आशा जास्त.

आता ती दुपारपर्यंत जाणारी टुंई. जाते म्हणजे काही झालं नाही, असं तुम्ही धरून चालला आहात, आणि तुम्हीच नाही, स्टेजवरचे सगळेच. अंतर्कर्णात आवाज टिपणाऱ्या पंधरा हजारांच्या घरात केसपेशी असतात, आणि माणसाच्या मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजानं त्या आधी थकतात. विश्रांती मिळाली की बऱ्याचशा सावरतात, म्हणून ऐकणं परत येतं. पण २००९ साली शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की ऐकण्याची पातळी चाचणीत पूर्ववत आल्यावरही केसपेशी आणि श्रवणनस यांच्यातले कितीतरी सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. टुंई ही सूचना आहे की त्या रात्रीचा डोस जास्त झाला. डोस हा शब्द मुद्दाम वापरला, कारण हिशोब खरंच औषधासारखा आहे, किती आणि किती वेळ.

कामाच्या जागची सुरक्षितता बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) या संस्थेचा धरायचा हिशोब असा: ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. स्टेजवर ड्रम किंवा पॅडच्या मॉनिटरजवळ १०० डेसिबल ही काही जगावेगळी गोष्ट नाही. तीन तासांचा कार्यक्रम म्हणजे एका रात्रीत बारा दिवसांचा डोस. नायॉशचंच एक फुकट ॲप आयफोनवर मिळतं. अँड्रॉइडवरच्या ॲपांचे आकडे फोनगणिक बदलतात, पण ‘आज कालच्यापेक्षा जास्त की कमी’ एवढं त्यातूनही कळतं. ए-वेटिंग (कानाच्या ऐकण्याशी जुळणारी मोजणी) निवडायचं, फोन कानाच्या उंचीवर धरायचा आणि क्षणाचा आकडा न बघता पूर्ण गाण्याची सरासरी बघायची.

मुख्य प्रश्न: ऐकू का येत नाही? तुमचा आवाज लहान आहे म्हणून, असं तुम्हाला आणि मालकांना वाटतं. तसं नाही. कानाचा धर्म असा की एकाच पट्ट्यातल्या दोन आवाजांत मोठा आवाज लहानाला झाकून टाकतो, आणि खालचे जाड आवाज वरच्या आवाजांना जास्त झाकतात. बेस गिटार, पॅडचा किक आणि कीबोर्डचे लांबवलेले स्ट्रिंग्ज हे तिन्ही मिळून तुमच्या आवाजावर पांघरूण घालतात. त्यात एक उपजत सवय भर घालते. गोंगाटात माणूस न ठरवता आवाज चढवतो. फ्रान्सच्या एतिएन लोंबार या डॉक्टरानं १९११ मध्ये हे टिपलं आणि त्याचंच नाव त्याला पडलं. म्हणजे मालक म्हणतात ती ‘मोठ्यानं गायची सवय’ तुम्हाला आधीपासून आहेच. तीच घसा बसवते, तीच सूर चढवते. आणि ही सवय एकट्या तुम्हाला नाही. तुम्ही चढलात की लीड गिटारवाला स्वतःला ऐकू येईना म्हणून आपला नॉब फिरवतो, मग कीबोर्ड, मग पॅड. दुसऱ्या गाण्याला जी पातळी होती ती दहाव्या गाण्याला कुणाला आठवतही नाही.

म्हणून ‘मला वाढव’ ही मागणी चुकीच्या टोकाला आहे. मागायचं ते ‘बाकीचं माझ्या कानापासून कमी कर’. ऐकू येणं आणि कान वाचणं ही दोन वेगळी कामं वाटतात, पण नव्वद टक्के उपाय तेच आहेत.

सुरुवात स्टेजच्या मांडणीपासून करा, त्याला पैसा लागत नाही. तुमच्या ताफ्यात एक मोठी सोय आहे, जी ड्रमसेटवाल्या बँडकडे नसते: ऑक्टोपॅड. खऱ्या ड्रमला आवाजाचा नॉब नसतो, पॅडला असतो. तरीही पॅडचा स्पीकर बहुतेक ठिकाणी वादकाच्या मागं, गायकांच्या पाठीवर तोंड करून ठेवलेला दिसतो. तो वादकाच्या कुल्ल्यांपाशी आणि तुमच्या कानांपाशी वाजतो. तो उचलून वादकाच्या समोर, हातभर अंतरावर, त्याच्या तोंडाकडे वळवून ठेवायला सांगा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. उलट अंतर निम्मं केलं की तितकाच चढतो. पॅडवाल्याला एक मीटरवर स्पीकर मिळाला तर चार मीटरवरून वाजवायची गरजच उरत नाही. पब्लिकला जाणारा पॅड मिक्सरमधून मेन स्पीकरला जातो, त्यात काही फरक पडत नाही, हे त्याला आधीच सांगा म्हणजे तो बिथरणार नाही.

कीबोर्ड आणि गिटारचं तेच. जमिनीवरचा ॲम्प गुडघ्यांना वाजतो, कानाला नाही. मग वादक तो कानाला पुरेल इतका उघडतो आणि समोरच्या माणसाचं डोकं उठतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवा किंवा मागं टेकवून तिरका करा, तोंड वादकाच्या कानाकडे. गिटारवाला स्वतःच दोन पायऱ्या खाली येतो. बेस गिटार शक्य असेल तर डीआय बॉक्समधून (वाद्याची वायर मिक्सरला जोडून देणारी डबी) थेट मिक्सरला द्या आणि स्टेजवर बेसवाल्यापुरता लहानसा मॉनिटर ठेवा. खालच्या पट्टीचा आवाज दिशा पाळत नाही, स्टेजच्या पोकळ फळ्यांखाली घुमतो, म्हणून तो स्टेजवर जितका कमी तितकं बरं.

ड्रमसेट असेल त्या दिवशी झांजा तुमच्या कानाच्या पातळीला येतात. तुम्ही त्यांच्या रेषेत उभ्या राहू नका. निदान दोन-अडीच मीटर पुढं, आणि क्रॅश (जोरात आपटायची झांज) ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध बाजूला. ड्रममागं जाड पडदा आणि खाली सतरंजी टाकली तर थोडं शोषलं जातं. ॲक्रिलिकची पारदर्शक ढाल काही ठिकाणी लावतात. ती पुढच्यांना वाचवते, पण सगळा आवाज परत ड्रमरच्याच तोंडावर फेकते, तेव्हा ती लावायची तर ड्रमरच्या कानात प्लग हवेतच.

मग मॉनिटर. तो तुमच्या किती जवळ आहे यापेक्षा कुठं बघतोय हे महत्त्वाचं. गायच्या जागी उभ्या राहा आणि मॉनिटरकडे बघा. त्याचा हॉर्न (वरच्या आवाजांचा भोंगा) सरळ तुमच्या डोळ्यांत बघत असेल तर बरोबर. बारा इंची पॉवर्ड स्पीकर नुसता आडवा टाकलेला असला तर तो पोटऱ्यांना गाणं ऐकवतो. पुढच्या कडेखाली लाकडाचा ठोकळा सरकवून तोंड वर करा.

शिट्टी का मारतो? मॉनिटरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, परत मॉनिटरला जातो, फेरा सुरू होतो. म्हणून मॉनिटर माइकच्या बहिऱ्या बाजूला हवा, आणि ती बाजू प्रत्येक माइकची सारखी नसते. एसएम-५८ सारखा कार्डिओइड माइक बरोबर पाठीमागं बहिरा असतो, त्याचा मॉनिटर थेट समोर चालतो. बीटा ५८ सारखा सुपरकार्डिओइड पाठीमागून थोडं ऐकतो आणि मागच्या दोन बाजूंना, साधारण १२० अंशांवर, बहिरा असतो. त्याला मॉनिटर समोर न ठेवता थोडा डावी-उजवीकडे सरकवावा लागतो. सगळ्यांत मोठा घोटाळा हाताचा. लावणीत माइक ऐटीत जाळीवर मूठ आवळून धरतात ना, त्यानं मागची छिद्रं झाकतात आणि माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो. शिट्टी लागली की घाबरून मूठ आणखी घट्ट होते. हात दांड्यावर, जाळी मोकळी.

अंतरही बघा. ओठांपासून अडीच सेंटीमीटरवरचा माइक दहा सेंटीमीटरवर नेलात की तुमचा आवाज जवळजवळ १२ डेसिबलनं उतरतो, आणि आजूबाजूचा कल्ला आहे तितकाच माइकमध्ये येत राहतो. वरच्या सुराला माइक लांब न्यायची पद्धत ठीक आहे, पण वीतभर लांब नको. तसंच, न वापरलेले माइक उघडे ठेवू नका. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधी मिळणारी जागा ३ डेसिबलनं घटते. निवेदकाचा माइक, कोरसचे दोन, पाहुण्यांसाठी ठेवलेला एक, हे चार बंद केले तर साउंडवाल्याला तेवढी मोकळीक मिळते.

साउंडवाल्या दादांना ‘वाढवा’ म्हणण्याऐवजी पुढची कामं एकेक करून सांगा, भांडणाच्या सुरात नको. तुमच्या मॉनिटरचा ऑक्स (मिक्सरवरून मॉनिटरला आवाज पाठवणारा नॉब) प्री-फेडर आहे का, म्हणजे पब्लिकच्या फेडरपासून (आवाज वर-खाली करायच्या सरकपट्टीपासून) सुटा आहे का? पोस्ट-फेडर असेल तर पब्लिकसाठी तुमचा फेडर खाली घेतला की तुमच्या मॉनिटरमधूनही तुम्ही गायब होता, आणि का ते कुणालाच कळत नाही. बऱ्याच मिक्सरवर यासाठी बटण असतं. तुमच्या चॅनेलवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) आहे का? तो मॉनिटरलाही जात असेल तर जोर लावाल तेवढा तो दाबेल, तुम्हाला वाटेल आवाज पोचत नाही, तुम्ही आणखी जोर लावाल. डिजिटल मिक्सर असेल तर तुमचाच माइक दोन चॅनेलवर घेता येतो, एक पब्लिकसाठी सगळ्या साजासकट, दुसरा मॉनिटरसाठी कोरा. ॲनालॉगवर कॉम्प्रेसर हलका ठेवायला सांगा, झालं. बायकांच्या आवाजाला १२० हर्ट्‌झच्या खाली काहीच नसतं, तिथं हाय-पास (खालचे आवाज कापणारा फिल्टर) लावून टाका. मॉनिटरमधला घुमारा तिथंच अर्धा मरतो.

आणि इको. आपल्याकडे इको म्हणजे गाण्याची शान, पब्लिकला हवाच. पण मॉनिटरमध्ये तो नको. स्वतःचा सूर नुकताच गेलेल्या सुरावर चढून ऐकू येतो, कान दोन्हींच्या मध्ये कुठंतरी सूर लावायला बघतो. वर शिट्टीला निमंत्रण. मॉनिटरमध्ये तुमचा कोरा आवाज, सुरापुरता एक कीबोर्ड, तालापुरती ढोलकी. बेस नाही, पॅड नाही, दुसरा कीबोर्ड नाही. सुरुवातीला उघडं-बोडकं वाटेल. दोन गाणी थांबा.

शिट्टी आधीच काढून टाकायची पद्धत दादांना माहीत असेलच, वेळ मिळत नाही हीच अडचण. स्टँडवर माइक ठेवून तुमचा ऑक्स हळूहळू वाढवायचा. पहिला सूर पकडला की ग्राफिक इक्वलायझरवर (आवाजाचा एकेक पट्टा वेगळा कमी-जास्त करायची सोय) तो पट्टा शोधून ३ डेसिबल खाली. घुमल्यासारखा ‘हूं’ आला तर २५० ते ५०० च्या आसपास शोधा, टोकदार ‘ई’ आला तर २००० ते ४००० मध्ये. पुन्हा वाढवायचा, पुढचा पट्टा. तीन-चार पट्ट्यांवर थांबायचं. आणखी कापत गेलं की मॉनिटर बधिर होतो आणि तुम्ही पुन्हा म्हणता ऐकू येत नाही. शेवटी जिथं शिट्टी लागत होती तिथून ६ डेसिबल खाली येऊन तिथंच सोडायचं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. कार्यक्रम दहाच्या आत संपवायचा असतो, सत्कार लांबतात, आणि कात्री नेहमी साउंडचेकलाच लागते हे मान्य. पण सत्कार चालू असताना स्टेजच्या मागं, मेन स्पीकरच्या पाठीशी लांब जाऊन बसा. पाहुण्यांच्या भाषणांचा कानांना एवढा तरी फायदा होऊ द्या.

आता बोळ्यांचं. कापसाचा बोळा मोजायचाच नाही. तो आवाज फारसा अडवत नाही, आणि अडवतो तो वरचा, शब्दांचा भाग. जाड आवाज जसाच्या तसा. म्हणून कापूस घालून सूर हरवतो हा तुमचा अनुभव खरा असणार. पण त्यावरून ‘कान झाकले की सूर जातो’ असं ठरवू नका. पोवाडा गाणारा शाहीर, मागचे झीलकरी कानावर हात ठेवतात, ती नुसती ऐट नव्हे. स्वतःचा आवाज हवेतून येतो तसा कवटीच्या हाडातूनही आत येतो. बाहेरचा कल्ला अडवला की हाडातून येणारा आवाज वर येतो. नीट बसलेला प्लग घालून तुम्हाला स्वतःचा आवाज उलट जास्तच ऐकू येईल.

अडचण दुसरी आहे: तो मडक्यात गायल्यासारखा येतो. कान बंद केल्यावर जबड्याची खालची कंपनं कानाच्या नळीत कोंडतात, त्यामुळं हे होतं. प्लग जितका वरवर बसलेला, तितका घुमारा जास्त. खोल बसला की कमी. म्हणून साधा फोमचा प्लगही नीट घालायला शिका. बोटांत वळून बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढायचा, सुरळी आत सरकवायची आणि तीस सेकंद बोटानं दाबून धरायची. बाहेरून बघणाऱ्याला प्लगचं टोक दिसायला नको इतका आत. पाकिटावर लिहिलेले ३० डेसिबल अशा बसवणुकीला असतात. अर्धवट घातला तर दहाही मिळत नाहीत.

गाण्यासाठी मात्र फोम कामचलाऊ. तो वरचे आवाज जास्त खातो. तुम्हाला हवा तो फिल्टरचा, म्युझिशियन प्लग म्हणून मिळतो तो; तो वर-खाली सगळं जवळपास सारखंच उतरवतो, म्हणजे गाणं तेच, फक्त लांबून आल्यासारखं. गायकाला १० ते १५ डेसिबलचा पुरे, २५ चा नको. तयार मापाचा घेऊन बघा. पटला तर पुढं ऑडिओलॉजिस्टकडे कानाचा साचा देऊन करवून घ्या. साचा देताना एक हट्ट धरा: तोंड उघडं ठेवून द्यायचा, दातांत ठोकळा धरून. जबडा उघडला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. मिटल्या तोंडाच्या साच्याचा प्लग वरच्या ‘आ’काराला सुटतो आणि तिथंच आवाज आत येतो.

पहिल्यांदा थेट कार्यक्रमात घालू नका, वैतागून काढून फेकाल. आठवडाभर घरी तंबोऱ्याच्या ॲपवर वीस मिनिटं रियाज, मग दोन रिहर्सल, मग स्टेज. आणि एकदा घातला की मध्येच काढायचा नाही. हिशोब करा: १०० डेसिबलच्या स्टेजवर १५ चा प्लग म्हणजे कानाला ८५, ते आठ तास चालतं. पण एका लावणीसाठी ‘मजा यावी’ म्हणून आणि वन्स मोअरसाठी काढलात, पंधरा मिनिटं गेली, तर पूर्ण दिवसाचा डोस त्या पंधरा मिनिटांत भरला.

इन-इअर वाईट नाही, चांगलीच वस्तू आहे, पण ती शेवटची पायरी, पहिली नाही. आणि आत्ता तुम्ही वापरता तो प्रकार आजच बंद करा. एकाच कानात घातला की दोन्हीकडून नुकसान. उघडा कान पूर्ण स्टेज खातो. झाकलेल्या कानात त्या कल्ल्याला पुरून उरेल इतका आवाज तुम्ही चढवता. शिवाय दोन्ही कानांनी ऐकलेला तोच आवाज मेंदूला मोठा वाटतो, एका कानावर ती सवलत मिळत नाही, म्हणून नॉब आणखी वर. डाव्या कानाची तक्रार यातूनच आली का हे पत्रावरून सांगता येणार नाही, पण डॉक्टरांना कुठल्या कानात घालता हे नक्की सांगा.

दोन्ही कान बंद केले की पब्लिक तुटतं, हे खरं. त्याला उपाय आहे. स्टेजच्या कडेला पब्लिककडे तोंड करून एक-दोन माइक ठेवून ते फक्त तुमच्या इन-इअरमध्ये थोडे सोडायचे. शिट्ट्या-टाळ्या कानात येतात. ताल तुटत असेल तर ढोलकी वाढवून घ्या. रबरी टोपी कानात सैल असेल तर आधी ती बदला, फोमची लावा. बहुतेक वेळा ‘बेस येत नाही, भारी कंपनीचा घ्यायला हवा’ ही तक्रार टोपीच्या मापाची असते. लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारी सोय) असेल तर चालू ठेवा, कारण कुणी फँटम (माइकच्या वायरीतून जाणारा वीजपुरवठा) चालू असताना वायर उपटली तर तो फटाका थेट कानाच्या पडद्यावर. जागेवर उभं राहून गाणाऱ्याला वायरचा बेल्टपॅक (कमरेला अडकवायची इन-इअरची डबी) निम्म्या कटकटीत काम देतो. घरचे ब्लूटूथचे इअरबड वापरायचा मोह मात्र नको, आवाज उशिरा येतो, त्यावर गाता येत नाही.

मालकांशी कसं बोलायचं? ‘आवाज कमी करा’ म्हटलं की त्यांना कार्यक्रम पडल्याची भीती वाटते. त्याऐवजी एक रिहर्सल मागा. एकच गाणं दोनदा: आधी नेहमीसारखं, मग ॲम्प वळवून, पॅड समोर घेऊन. वीस फुटांवर खुर्चीत मोबाइल ठेवून दोन्ही रेकॉर्ड करा आणि त्यांच्या हातात द्या. स्टेजवरचा गोंधळ पुढच्या खुर्च्यांपर्यंत सांडत असतो, तो कमी झाला की शब्द सुटे होतात. हे सांगण्यापेक्षा ऐकवलेलं बरं. कानाचं कारण काढायचं असेल तर लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसचं उदाहरण आहे. तिथल्या क्रिस्टोफर गोल्डशाइडर या व्हायोलावादकाला २०१२ च्या एका तालमीत ब्रास वाद्यांच्या पुढ्यात बसवलं, आवाज १३० डेसिबलच्या वर गेला, त्याच्या कानाचं कायमचं नुकसान झालं. वादकांना प्लग दिलेले होते, तरी २०१८ मध्ये न्यायालयानं संस्थेला जबाबदार धरलं आणि अपिलातही ते टिकलं. कुणाला कुठं बसवायचं हा नुसता शोभेचा प्रश्न नाही.

एवढं करून दोन महिन्यांनीही टुंई तशीच राहत असेल, ऑडिओमेट्रीत खड्डा वाढत असेल आणि मालक एक ॲम्प वळवायला तयार नसतील, तेव्हा ऑर्केस्ट्रा बदलायचा विचार करा. गाणं सोडायचा नव्हे.

असंच विचारणाऱ्या ढोल-ताशा पथकातल्या आणि बेंजोवाल्या मंडळींना: तुम्हाला १५ चा प्लग पुरणार नाही. ताशाच्या शेजारी उभं राहणाऱ्यानं खोल बसवलेला फोमच घालावा, मिरवणुकीत सूर शोधायचा नसतो. भजनी मंडळात पखवाजाशेजारी बसणाऱ्यांनी नुसती जागा बदलली तरी फरक पडतो.

राहिली तुमची मुलगी. विंग म्हणजे बहुतेक स्टेजवर मेन स्पीकरच्या अगदी बगलेची जागा, बेसचा सगळा मार तिथं बसतो. तिला स्पीकरच्या ओळीच्या बऱ्याच मागं, मेकअपच्या खोलीकडे बसवा किंवा समोर पब्लिकमध्ये पार मागच्या रांगेत, आजीसोबत. लहान मुलांच्या कानात प्लग नीट बसत नाहीत आणि ते काढतातही. तिच्यासाठी डोक्यावरून येणारे इअरमफ घ्या, मुलांच्या मापाचे मिळतात. घेताना तिच्या केसांचं बघा: जाड वेणी किंवा मोठा हेअरबँड गादीखाली आला की फट राहते, म्हणून त्या दिवशी केस मागं बांधायचे.